पान पिवळं पडलं म्हणून बाटली उघडू नका

(आपल्या सामुदायिक रेडिओवर सादर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मी बचत गटांची समन्वयक. गटांच्या बैठका घ्यायच्या, वह्या तपासायच्या, बँकेच्या हप्त्याची आठवण करून द्यायची, हे माझं काम. शेतीचं शिक्षण माझं नाही. मी बीए झाले, तेही मराठी घेऊन. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते मी आमच्या दहा गुंठे शेवंतीत शिकले. आणि सुरुवातीलाच कबूल करते, चुकत चुकत शिकले.

पावसाळा सुरू झाला की माझ्या फोनवर एकाच प्रकारचे फोटो यायला लागतात. हातात धरलेलं एक पान. कुणाचं शेवंतीचं, कुणाचं झेंडूचं, कुणाचं दारातल्या गुलाबाचं. आणि खाली एकच प्रश्न, "ताई, पान पिवळं पडलंय, काय फवारू?"

मैत्रिणींनो, याचं खरं उत्तर असं आहे की नुसत्या एका पानाच्या फोटोवरून काही सांगता येत नाही. मलाच काय, मोठ्या तज्ज्ञालाही येत नाही. ताप आला म्हणून कुणी सांगितलं तर डॉक्टर लगेच गोळी देत नाही. थंडी वाजते का, खोकला आहे का, लघवीला जळजळ होते का, असं विचारतो. पान पिवळं पडणं म्हणजे झाडाचा ताप. तो कशानं आला हे आधी शोधायचं. ते कसं शोधायचं, हाच आजचा विषय.

आधी आमची गोष्ट सांगते.

आमच्या एका गटातल्या दहा जणींनी मिळून दहा गुंठे जमीन वाट्यानं घेतली, विहिरीच्या कडेची. पाणी जवळ म्हणून सगळ्या खूश. गटाच्या कर्जातले ३५ हजार रुपये त्यात घातले. रोपं, शेणखत, ठिबकच्या नळ्या. जूनमध्ये पिवळ्या शेवंतीची लागवड केली. महिन्याभरानं शेंडे खुडले, फुटवे छान फुटले. हिशोब सरळ होता. दिवाळीला माल सुरू होईल, मार्गशीर्षातल्या गुरुवारांना भाव बरा असतो, पुढे लग्नसराई. पुण्याच्या गुलटेकडीच्या बाजारात माल न्यायचा म्हणून एका टेम्पोवाल्याशी बोलूनही ठेवलं होतं.

श्रावणात शेंड्याची पानं पिवळी पडायला लागली. आधी थोडी, मग आठवड्याभरात निम्मं शेत फिकट दिसायला लागलं. मी काय केलं? एक पान तोडलं, फोटो काढला आणि तालुक्याच्या एका दुकानात दाखवला. "करपा आहे," ते म्हणाले. बुरशीचं औषध दिलं, सोबत एक टॉनिकची बाटली दिली. आम्ही दोन फवारण्या केल्या. फरक पडला नाही. मग कुणीतरी सांगितलं, युरिया द्या, हिरवं होईल. तोही दिला. पिवळी पानं पिवळीच राहिली, उलट कोवळ्या फुटव्यांवर मावा आला. औषधं, टॉनिक, युरिया मिळून १,८०० रुपये गेले आणि वीस दिवस गेले. पैशांपेक्षा ते वीस दिवस महाग पडले.

आता खरी गोष्ट ऐका. आमच्या गटात एक आजी आहेत, सगळ्यात जुन्या सभासद. सही करायला गटात आल्यावरच शिकल्या. पहिल्या फवारणीच्या दिवशीच खुरपता खुरपता त्या मला म्हणाल्या होत्या, "पोरी, मुळं गुदमरलीत. पाणी तोड." मी म्हटलं, "आजी, हा रोग आहे, औषध आणलंय." त्या पुन्हा काही बोलल्या नाहीत. वाकून खुरपायला लागल्या.

शेवटी आम्ही कृषी विज्ञान केंद्रात गेलो. जाताना फोन करून विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, पान आणू नका, मुळासकट दोन झाडं आणा, एक आजारी आणि एक बरं, आणि थोडी माती. मी, अध्यक्षा ताई आणि आजी अशा तिघी गेलो. तिथल्या मॅडमनी मला विचारलं, "पिवळेपणा जुन्या पानांवर आला की नव्या?" मी फोनमधला फोटो शोधायला लागले. फोटोत एकच पान होतं, ते वरचं की खालचं हे मलाच आठवेना. आजी म्हणाल्या, "शेंड्याचं कवळं पान पिवळं. शिरा हिरव्याच. खालची जुनी पानं चांगली हायेत." मॅडमनी विचारलं, "आधी कुठं दिसलं?" आजी म्हणाल्या, "विहिरीकडच्या उतारावर. तिथं पाणी मुरत न्हाई." "पाणी किती देता?" "लाईट आली की मोटर चालू. पाऊस असला तरी."

तीन प्रश्न, तिन्ही उत्तरं आजींकडं होती. वीस दिवस ती उत्तरं आमच्याच शेतात वाकून खुरपत होती आणि मी ती दुकानात शोधत होते.

आमच्या शेवंतीला करपा नव्हता. जमीन चुनखडीची, त्यात पाणी जास्त, म्हणून झाडाला लोह मिळत नव्हतं. उसाला केवडा पडतो, भुईमूग पिवळा पडतो, त्यातलाच हा प्रकार. मातीत लोह असतं, पण मुळाला ते घेता येत नाही. मॅडमनी आम्हाला सोप्या भाषेत सांगितलं. आशाताई आपल्याला लोहाची गोळी देतात आणि बजावतात की चहाबरोबर घेऊ नका, नाहीतर अंगी लागत नाही. चुनखडीची ओली जमीन झाडासाठी तसा चहाच आहे.

मग आम्ही पाणी तोडलं, उताराच्या टोकाला चर काढून साचलेलं पाणी बाहेर काढलं. दहा लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस आणि १० ग्रॅम लिंबूसत्व घालून सकाळी लवकर फवारलं. लिंबूसत्व म्हणजे सायट्रिक ॲसिड. आठ-दहा दिवसांत नवी पानं हिरवी यायला लागली. पण उताराच्या खालच्या तीन सऱ्यांत तोवर मुळं कुजली होती, ती झाडं गेली. फुलं आली, उशिरा आणि कमी आली. बँकेचा हप्ता चुकला नाही, पण वहीतला नफ्याचा रकाना कोरा राहिला.

हे सगळं रेडिओवर का सांगतेय? कारण त्या दिवशी मॅडमनी जे प्रश्न विचारले ते आपल्याला विचारता येतात. त्यासाठी पदवी लागत नाही, यंत्र लागत नाही. पाहायचं कसं, तेवढं माहीत हवं. मी ते पाच पाहण्यांत बांधलंय. हाताची पाच बोटं धरा आणि माझ्याबरोबर मोजा.

अंगठा. पहिलं पाहणं बांधावरून. शेतात शिरण्याआधी कडेला उभ्या राहा आणि पूर्ण तुकडा बघा. सगळं शेत सारखंच फिकट दिसतंय का? मग बहुतेक खताचा किंवा पाण्याचा प्रश्न आहे. फक्त खोलगट जागी आहे का? मग पाणी साचतंय. मध्येच एक ठिगळ दिसतंय आणि ते दिवसेंदिवस वाढतंय? मग रोग किंवा कीड असण्याचा संभव जास्त. फक्त शेजाऱ्याच्या बांधाकडची झाडं वेडीवाकडी झालीत, पानं पिळवटलीत? मग त्यांच्या उसात तणनाशक मारलं होतं का ते विचारा. वाऱ्यानं ते उडून येतं आणि शेवंतीला लागतं. तणनाशकाचा पंप न धुता तोच आपल्या फुलांवर वापरला तरी असंच होतं. तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा ठेवा.

दुसरं बोट. कोणतं पान? जुनं की नवं? शेवंतीची जुनी पानं खाली, नवी शेंड्याला. हा फरक फार महत्त्वाचा आहे. लक्षात राहावं म्हणून घरातलं उदाहरण देते. घरात भाकरी कमी पडली की आई आपल्या ताटातली अर्धी लेकराच्या ताटात घालते. नत्राचं तसंच आहे. नत्र कमी पडलं की जुनं पान आपल्यातलं नव्या पानाला देतं. म्हणून नत्राच्या कमतरतेत खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात, पूर्ण पान सारखं पिवळं होतं आणि झाडाची वाढ खुंटते. लोहाचं उलटं. ते जुन्या पानातून हलत नाही. जुनं पान पोटभर जेवलेलं आणि नवं पान उपाशी. म्हणून लोह कमी पडलं की शेंडा पिवळा होतो. आमचा शेंडा पिवळा होता आणि आम्ही युरिया दिला. आता कळतं, तो का लागू पडला नाही.

तिसरं बोट. पिवळेपणा कसा आहे? पूर्ण पान पिवळं की शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा? शिरा हिरव्या आणि पान नवं असेल तर बहुतेक लोह. शिरा हिरव्या पण पान जुनं असेल तर मॅग्नेशियम कमी असू शकतं. जुन्या पानाच्या कडा भाजल्यासारख्या वाळल्या असतील तर पालाश कमी असू शकतं. पिवळ्या-हिरव्या रंगाची चित्रविचित्र नक्षी, पान आखडलेलं आणि झाड खुजं राहिलेलं, असं असेल तर विषाणूचा संशय घ्या. आणि गोल ठिपके असतील, भुकटी असेल, तर मग बुरशीकडं वळा. तिच्याबद्दल पुढं सांगते.

चौथं बोट. पान उलटून बघा. निम्मे चोर पानाच्या पाठीमागं लपतात. मावा असेल तर तिथं आणि कोवळ्या शेंड्यावर हिरवे-काळे बारीक किडे दिसतात, पान चिकट लागतं, त्यावर पुढं काळी काजळी धरते. मुंग्यांची ये-जा वाढली तरी मावा आहे का बघा, त्या गोड चिकट्यासाठी येतात. लाल कोळी डोळ्यांना सहज दिसत नाही. पानावर वरून सुई टोचल्यासारखे बारीक फिकट ठिपके पडतात, खालून अगदी तलम जाळी असते. एक पांढरा कागद घ्या आणि पान त्यावर झटका. कागदावर पडलेली बारीक धूळ चालायला लागली, तर ती धूळ नाही, तो कोळी. फुलकिड्यांनी पान खरवडलं की चंदेरी चट्टे पडतात आणि पान आखडतं. आणि पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा दिसल्या तर नागअळी. ती पानाच्या आतून खात जाते.

करंगळी. पाचवं पाहणं मातीखालचं. एक आजारी झाड मुळासकट काढा. एका झाडाचा मोह धरू नका. मुळं धुऊन बघा. पांढरी, ताठ मुळं म्हणजे चांगली. तपकिरी, मऊ, कुजका वास येणारी आणि ओढल्यावर साल निघून येणारी मुळं म्हणजे मूळकूज. मग खोड बुंध्याजवळ विळ्यानं उभं चिरा. आतून तपकिरी रेघा दिसल्या तर मर रोगाचा संशय. आणि शेजारचं बरं झाड तसंच चिरून बघा, म्हणजे फरक कळतो. बरं झाड पाहिल्याशिवाय आजारी झाड ओळखता येत नाही.

या पाच पाहण्यांना आम्हाला दहा गुंठ्यांत अर्धा तास लागतो. तेवढ्यात १,८०० रुपये वाचले असते.

आता शेवंतीत नेहमी येणाऱ्या रोगांची ओळख करून देते. शेवंतीचं नाव घेतेय, पण यातल्या बऱ्याच गोष्टी झेंडूला, गुलाबाला, ॲस्टरलाही लागू पडतात.

पहिला, पानावरचे ठिपके. हा पावसाळ्यातला पाहुणा. जमिनीजवळच्या पानांवर तपकिरी-काळे गोल ठिपके पडतात. ते मोठे होत एकमेकांत मिसळतात, पान वाळतं आणि झाडालाच लोंबत राहतं. रोग खालून वर चढतो. कारण काय? पावसाचा थेंब मातीवर आपटतो आणि चिखलाबरोबर बुरशी उडून खालच्या पानावर बसते. म्हणून पहिला उपाय औषधाचा नाही. जमिनीला टेकलेली आणि ठिपके पडलेली पानं खुडा, शेतात न टाकता गोळा करून जाळा किंवा पुरा. झाडावरून पाणी देऊ नका, बुडाशी द्या. पानं ओली असताना खुरपणी किंवा तोडणी करू नका, आपल्याच हातानं रोग पुढच्या सरीत जातो. एवढं करूनही वाढला तर मॅन्कोझेब, दहा लिटर पाण्याला २५ ग्रॅम.

दुसरा, भुरी. पाऊस उघडला, दिवसा कोरडं आणि रात्री गार पडायला लागलं की पानावर पिठी भुरभुरल्यासारखा पांढरट थर येतो. बोटानं पुसला तर बोटाला लागतो. दाटीत, सावलीत भुरी जास्त येते, म्हणून लागवडीतच अंतर नीट ठेवा. उपाय म्हणून पाण्यात विरघळणारं गंधक वापरतात, दहा लिटरला २० ते २५ ग्रॅम. पण कडक उन्हात गंधक मारू नका, पान भाजतं. मग आपण म्हणतो, नवा रोग आला.

तिसरा, तांबेरा. पानावर वरून फिकट ठिपका दिसतो, उलटून बघितलं की त्याच जागी तांबूस-तपकिरी पुटकुळी. ती फुटली की विटकरीच्या भुकटीसारखी भुकटी हाताला लागते. अशी पानं काढून नष्ट करा, हवा खेळती ठेवा, आणि मग गरज असेल तर औषध विचारा.

चौथा, मर. हा सगळ्यात वाईट. झाड पिवळं पडतं, बरेचदा आधी एकाच बाजूनं. दुपारी माना टाकतं, संध्याकाळी थोडं सावरतं, आणि काही दिवसांत वाळतं. आपण समजतो पाणी कमी पडलं आणि आणखी पाणी देतो. ते तर मारकच. मर लागलेलं झाड बरं होत नाही, कितीही महाग औषध दिलं तरी. ते मुळासकट काढून जाळायचं. शेजारच्या झाडांना वाचवायचं असेल तर निचरा करा, आणि पुढच्या लागवडीआधी ट्रायकोडर्मा चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून द्या. दहा गुंठ्यांना अर्धा किलो ट्रायकोडर्मा साधारण २५ किलो शेणखतात. आणि हे फार महत्त्वाचं, मर लागलेल्या शेतातल्या काश्या पुढच्या वर्षाच्या लागवडीला घेऊ नका. शेजारणीलाही देऊ नका. प्रेमानं दिलेल्या काश्यांबरोबर रोगही जातो. त्याच जागी लगेच पुन्हा शेवंती लावू नका.

पाचवा, विषाणू. याला औषध नाही. नक्षी पडलेलं खुजं झाड लगेच काढा आणि मावा-फुलकिड्यांचा बंदोबस्त करा, कारण हे किडे एका झाडाचा आजार दुसऱ्याला नेऊन देतात.

किडींसाठी सुरुवातीला घरचा पाच टक्के निंबोळी अर्क चांगला. वाळलेल्या निंबोळ्यांची अर्धा किलो भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यानं गाळून दहा लिटर करायची, थोडा साबणाचा चुरा घालायचा आणि संध्याकाळच्या वेळी पानाच्या पाठीवर फवारायचं. उन्हाळ्यात निंबोळ्या वेचून ठेवल्या असतील तर खर्च नाही. एक ध्यानात ठेवा, किडीला बुरशीचं औषध चालत नाही आणि बुरशीला किडीचं. आणि लोहाच्या उपासमारीला दोन्ही चालत नाहीत. म्हणून आधी ओळख, मग उपाय.

आता फवारणीबद्दल दोन शब्द, कारण ती आपल्या जिवाशी संबंधित आहे. औषधाच्या डब्यावर शंकरपाळीच्या आकाराची खूण असते. वाचता येत नसेल तरी रंग बघा. लाल म्हणजे सगळ्यात जहाल विष, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. हिरवा म्हणजे निर्धास्त असं नाही. अंगभर कपडे, तोंडाला मास्क, हातात मोजे घाला, आणि वाऱ्याच्या तोंडावर उभ्या राहून फवारू नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी फवारणीच्या शेतात जायचंच नाही. रिकाम्या डब्यात तेल-मीठ भरायचं नाही. फवारताना मळमळलं, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर घरगुती उपाय करत बसू नका, १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा दवाखान्यात सोबत न्या. तो बघितल्यावर डॉक्टरांना उपचार ठरवता येतो. आणि दुकानातून पक्कं बिल घ्या. बिल मागायची लाज वाटू देऊ नका, पैसे आपले आहेत.

एक शेवटचा मुद्दा, आणि मला वाटतं हाच सगळ्यात मोठा आहे.

शेतात वाकून खुरपतं कोण? आपण. फुलं तोडतं कोण? आपण. पान रोज डोळ्यांसमोरून कुणाच्या जातं? आपल्या. आणि दुकानात जाऊन "काय फवारू" असं विचारतं कोण? बहुतेक वेळा घरातला असा माणूस, ज्यानं ते पान जवळून पाहिलेलंच नसतं. दुकानदारालाही मग अंदाजानं सांगावं लागतं. पाहणारी एक आणि बोलणारा दुसरा, अशी ही गाठ आहे. मी तर बाई असूनही तीच चूक केली. शिकलेली म्हणून बोलणारी मी झाले आणि पाहणाऱ्या आजींना गप्प केलं.

म्हणून आमच्या गटानं आता एक नियम केलाय. बचतीच्या वहीसारखी एक पानांची वही केलीय. खुरपणी झाली की शेवटची पाच मिनिटं बांधावर बसायचं आणि ज्या बाईला जे दिसलं ते तिनं बोलायचं. पान जुनं की नवं, शिरा हिरव्या की पिवळ्या, पाठीमागं काय, कोणत्या सरीत, पाणी कधी दिलं होतं. लिहिता येणारीनं लिहायचं. आणि औषध आणायचं ठरलं तर त्या वहीसकट जायचं, आणि ज्या बाईनं पान पाहिलं तिनंच बोलायचं. नवऱ्यानं गाडीवर नेऊन सोडावं, हरकत नाही, पण बोलायचं आपण.

ज्यांच्या गावात कृषी सखी आहे त्यांनी तिला शेतावर बोलवा. सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना फोन करा. किसान कॉल सेंटरचा नंबर लिहून घ्या, १८००-१८०-१५५१. फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. पुन्हा सांगते, १८००-१८०-१५५१. फोन करण्याआधी पाच पाहणी करून ठेवा, म्हणजे त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देता येतील. आणि लागवडीआधी माती तपासून घ्या. आम्ही आधी तपासली असती तर चुनखडी तेव्हाच कळली असती, आणि शेवंतीसाठी विहिरीकडचा हा तुकडा घेतलाच नसता.

यंदा आम्ही वरच्या अंगाला, निचऱ्याच्या जमिनीत गादीवाफे करून शेवंती लावलीय. गेल्या आठवड्यात एका वाफ्यात दोन-तीन पानं पिवळी दिसली. मी लगेच फोन काढला नाही. आजींना हाक मारली. त्या आल्या, वाकल्या, पान उलटून पाहिलं, बुडाची माती चिमटीत घेऊन दाबली आणि म्हणाल्या, "खालचं म्हातारं पान हाय, पिकून चाललंय. त्याला काय व्हायचं? गळू दे." काही फवारायचं नव्हतं. वहीत तेवढंच लिहिलं, सही आजींनी केली.

मैत्रिणींनो, उद्या सकाळी आपल्या शेतात, नाहीतर दारातल्या कुंडीपाशी जा. औषध हातात घेऊ नका. पाच बोटं मोजा आणि पाच पाहणी करा. काय दिसलं ते आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत सांगा. तुमच्या वहीतली निरीक्षणं रेडिओवर कळवलीत तर पुढच्या भागात त्यांच्यावर बोलू.